आदिवासी उमेदवारांची नोकरीची तयारी: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

दर भरतीत हे घडतं. उमेदवार परीक्षा पास होतो, तात्पुरत्या निवड यादीत नाव लागतं, घरी पेढे वाटले जातात. मग कागदपत्र तपासणीच्या दिवशी कळतं की वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जमातीच्या रकान्यात नुसतं ‘हिंदू’ लिहिलंय. किंवा जमातीच्या दाखल्यावर एक आडनाव आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरं. मार्क असूनही गडी बाहेर.

यामागे बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. जाहिरात आली की क्लास लावायचा, मग फॉर्म भरायचा, आणि दाखल्याचं ‘लागेल तेव्हा बघू’. खरं तर दाखल्याचं काम आधी आणि क्लास सगळ्यात शेवटी. पुढचे टप्पे महाराष्ट्रातल्या अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी, त्यातही दहावी ते पदवीपर्यंत शिकलेल्यांसाठी आहेत. क्रम मोडू नका. पहिले तीन टप्पे कंटाळवाणे वाटतील, पण सगळ्यात जास्त माणसं तिथेच गळतात.

## टप्पा १: घरातले कागद एका पिशवीत आणा

जाहिरातीची वाट न पाहता हे आजच करा. आधी स्वतःचे कागद: दहावीचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, पहिलीत नाव घातलं त्या शाळेचा प्रवेश निर्गम उतारा, आधार, रेशनकार्ड, अधिवास प्रमाणपत्र. मग वडिलांचे आणि आजोबांचे. काका, आत्या, चुलत आजोबा यांचेही चालतात. नातं मात्र वडिलांकडचं हवं. आईकडचे कागद जमातीच्या दाव्याला सहसा उपयोगी पडत नाहीत.

एक तारीख पाठ करा: ६ सप्टेंबर १९५०. अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश त्या दिवशी निघाला. तुमचं कुटुंब त्या दिवशी कुठे राहत होतं आणि त्याची जमात काय नोंदलेली होती, यावर पुढचं सगळं उभं राहतं. त्यामुळे १९५० च्या आधीची एक नोंद नंतरच्या दहा कागदांना भारी पडते.

ती नोंद कुठे सापडते?

- आजोबा-पणजोबा शाळेत गेले असतील तर गावच्या जुन्या जिल्हा परिषद शाळेचं जनरल रजिस्टर. उतारा मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याने घ्या, रजिस्टर क्रमांकासह.
- जन्म-मृत्यूची जुनी नोंद, म्हणजे गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक. ही तहसीलच्या अभिलेख कक्षात असते. आजोबांच्या नावाने सापडली नाही तर त्यांच्या भावंडांच्या नावाने शोधा. जुन्या नोंदीत अनेकदा बाळाचं नाव नसतं, फक्त बापाचं नाव आणि जमात असते.
- जमीन असेल तर जुने सातबारा आणि फेरफार. विदर्भात अधिकार अभिलेख आणि कोतवाल पंजी.

नोंद मोडी लिपीत असेल तर घाबरू नका. मोडी जाणणाऱ्या अधिकृत वाचकाकडून देवनागरी लिप्यंतर करून घ्या आणि मूळ नकलेला जोडा. मोडी वाचता येत नाही म्हणून चांगला पुरावा अभिलेख कक्षातच सोडून येणारे लोक आहेत.

भूमिहीन कुटुंबांचं, विशेषतः वीटभट्टीवर फिरणाऱ्या कातकरी कुटुंबांचं काम अवघड असतं. सातबारा नाही, आजोबा शाळेत गेले नाहीत, आणि आडनाव पवार किंवा जाधव असल्याने समोरचा शंका घेतो. अशा वेळी चुलत घराण्यात कोणाला दाखला मिळालाय का ते आधी शोधा. मिळाला असेल तर त्याचा कागद आणि तुमची वंशावळ जोडून अर्ज करता येतो. नसेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे स्थानिक चौकशीची लेखी मागणी करा. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती महाराष्ट्रात विशेष असुरक्षित गटात मोडतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन मोहिमेत या जमातींच्या वस्त्यांवर आधार आणि जातीच्या दाखल्यांची शिबिरं घेतली गेली. तुमच्या पाड्यावर असं शिबिर झालं होतं का, तेव्हा काय कागद तयार झाले, हे ग्रामपंचायतीत आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात विचारून घ्या.

तपासा: सगळे कागद जमिनीवर मांडा आणि प्रत्येकावरचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख आणि जमात मोठ्याने वाचा. ‘ठाकर’ आणि ‘ठाकूर’, ‘कोकणा’ आणि ‘कोकणी’, नुसतं ‘कोळी’ आणि ‘कोळी महादेव’ हे फरक वहीत उतरवा. आज सापडलेला फरक दुरुस्त करायला किंवा त्याचा खुलासा तयार ठेवायला वेळ मिळतो.

सावधान: खाडाखोड करू नका, कोणाला करूही देऊ नका. दाखल्याच्या पडताळणीत (टप्पा ३) तपासणी समितीचं दक्षता पथक मूळ रजिस्टर उघडून बघतं. शाई वेगळी, अक्षर वेगळं, हे त्यांना लगेच कळतं. खोटा दाखला वापरला तर नोकरी जातेच, शिवाय २००० च्या राज्य कायद्यात सहा महिने ते दोन वर्षं कैदेची तरतूद आहे. शाळा सोडल्यानंतर रजिस्टरमधली जमातीची नोंद बदलायला शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तशी अलीकडे बदललेली नोंद जुन्या कागदाइतकी टिकत नाही.

## टप्पा २: जमातीचा दाखला योग्य ठिकाणाहून काढा

दाखला प्रांताधिकारी देतात. अर्ज आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून जातो. सोबत वंशावळ, शपथपत्र आणि पहिल्या टप्प्यातले पुरावे.

इथली नेहमीची चूक पत्त्याची असते. कुटुंब वीस वर्षं नाशिकमध्ये भाड्याने राहतं, म्हणून नाशिकच्या प्रांत ऑफिसात अर्ज टाकला जातो. पण दाखला मूळ गावचा लागतो, म्हणजे १९५० साली आजोबा जिथे राहत होते त्या उपविभागाचा. मूळ गाव सुरगाण्याचं असेल तर तिकडेच जा. मूळ गाव दुसऱ्या राज्यात असेल तर महाराष्ट्राच्या भरतीत अनुसूचित जमातीचा लाभ मिळत नाही. सीमेवरच्या तालुक्यांतल्या घरांनी हे आधी नीट तपासावं.

लग्न झालेल्या मुलींनी लक्षात ठेवा: जमात माहेरची, वडिलांची. नवऱ्याच्या नावाने दाखला काढून काही उपयोग नाही. दाखला माहेरच्या नावाचा आणि आधार सासरच्या नावाचं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र हाताशी हवं.

दाखला हातात आला की काउंटर सोडण्याआधी जमातीचं नाव शासनाच्या यादीतल्या नावाशी ताडून बघा. यादीतल्या नोंदीत अनेक पर्यायी नावं एकत्र असतात. तुमच्या दाखल्यावर त्यातलंच नाव हवं, गावात बोलायच्या पद्धतीचं नको.

केंद्राच्या भरतीसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. राज्याचा दाखला मिळाला की लगेच तोही काढून ठेवा, कारण पुढे हॉलतिकीट आल्यावर धावपळ होते. नॉन क्रीमीलेअर प्रमाणपत्र अनुसूचित जमातीला लागत नाही. ते काढून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर उठून या.

## टप्पा ३: वैधता, अर्थात व्हॅलिडिटी

दाखला मिळाला म्हणजे काम संपलं, हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो. राज्याच्या कायद्याप्रमाणे दाखला खरा ठरतो तो अनुसूचित जमाती प्रमाणपत्र तपासणी समितीने वैधता दिल्यावरच. आणि दावा सिद्ध करायची जबाबदारी अर्जदारावर असते, समितीवर नाही.

मनात आलं म्हणून वैधतेचा अर्ज करता येत नाही. शिक्षण, सेवा किंवा निवडणूक यातलं एक कारण आणि त्या संस्थेचं पत्र लागतं. म्हणून घरात कोणी अकरावी-बारावी विज्ञानाला किंवा व्यावसायिक अभ्यासक्रमाला असेल तर कॉलेजमार्फत प्रस्ताव तेव्हाच टाका. एकाला वैधता मिळाली की वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या बाकीच्यांना ती मोठा आधार ठरते. ज्या घरात मोठ्या भावाने हे काम केलं, तिथल्या धाकट्या बहिणीचं काम सोपं होतं.

नोकरीसाठीचा प्रस्ताव निवड झाल्यावर कार्यालयामार्फत जातो. पण फाईल आजच तयार करा आणि हे क्रमाने लावा: जमातीचा दाखला, स्वतःचे शालेय पुरावे, वडिलांचे, आजोबांचे, १९५० पूर्वीच्या नोंदी, वंशावळीचं शपथपत्र, नातेवाईकांची वैधता प्रमाणपत्रं. प्रत्येक पुरावा वंशावळीत कोणाचा आहे ते पेन्सिलने मागे लिहा.

वंशावळ लिहिताना आठवणीवर जाऊ नका. घरातल्या जाणत्यांना बसवून एकदाच नक्की करा. कारण तुमच्या चुलत भावाने तीन वर्षांपूर्वी दिलेली वंशावळ समितीच्या फाईलला असते. तुमच्या वंशावळीत आजोबांना तीन भाऊ आणि त्याच्या वंशावळीत चार असतील तर दोघांचीही चौकशी लांबते.

प्रकरण दक्षता पथकाकडे गेलं तर पथक घरी येतं, गावात विचारतं, रूढी, देव, लग्नाच्या चाली, बोली याबद्दल प्रश्न करतं. शहरात वाढलेली मुलं इथे गडबडतात. आत्याला, आजीला विचारून ठेवा, पण पाठ केलेली उत्तरं देऊ नका. जे घरात होतं तेच सांगा. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्याच ठाकूर जमातीच्या प्रकरणात स्पष्ट केलंय की ही आप्तभावाची चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे. जुन्या कागदांचं वजन मोठं आहे. पथकाचा अहवाल विरोधात गेला तर त्याची प्रत तुम्हाला मिळते आणि खुलासा देता येतो. तो मुदतीत आणि लेखी द्या.

सावधान: ऑनलाईन अर्ज करताना संकेतस्थळ नीट बघा. बार्टी या राज्याच्या संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं पडताळणी पोर्टल अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या आणि इतर मागासवर्गासाठी आहे. अनुसूचित जमातीची व्यवस्था आदिवासी विकास विभागाकडे, वेगळी आहे. चुकीच्या पोर्टलवर अर्ज टाकून महिनोन् महिने वाट बघणारे उमेदवार काही थोडे नाहीत.

## टप्पा ४: कोणत्या दारातून जायचं ते ठरवा

आता बाजाराकडे बघू. ‘सरकारी नोकरी’ म्हणून एकच मोठं दार नाही. पाच-सहा वेगवेगळी दारं आहेत, आणि प्रत्येकाची उंची वेगळी. सगळीकडे धडका मारण्यापेक्षा दोन निवडा.

राज्याच्या जागा. अनुसूचित जमातीला ७ टक्के आरक्षण. मागासवर्गाला सर्वसाधारण कमाल वय ४३, पोलीस शिपायाला मात्र ३३. आदिवासीबहुल जिल्ह्यांत गट क आणि ड च्या जिल्हास्तरीय पदांसाठी टक्केवारी वेगळी असते. त्यामुळे पालघर, नंदुरबार, गडचिरोलीच्या जाहिराती स्वतंत्र वाचाव्या लागतात.

अनुसूचित क्षेत्रातली, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून जाहीर केलेल्या भागातली पदं. तिथल्या पंचायतींच्या कायद्याच्या नावावरून बोलीभाषेत ती ‘पेसा’ची पदं. राज्यपालांच्या ९ जून २०१४ च्या अधिसूचनेने तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, वनरक्षक, आरोग्यसेविका अशी गावपातळीवरची पदं अनुसूचित क्षेत्रात स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरण्याची तरतूद केली. अनुसूचित क्षेत्र राज्यातल्या १३ जिल्ह्यांत आहे, पण पूर्ण जिल्ह्यात नाही. तुमचं गाव यादीत आहे का, हे गावाच्या नावाने तपासा. तालुक्याच्या नावावर विसंबू नका. ‘स्थानिक’ या शब्दाची व्याख्याही जाहिरातीत असते: उमेदवार, जोडीदार, आईवडील किंवा आजीआजोबा २६ जानेवारी १९५० पासून त्या जिल्ह्याच्या अनुसूचित क्षेत्रात सलग राहत आले असले पाहिजेत. हा रहिवास दाखवणारा कागद जमातीच्या दाखल्याहून वेगळा असतो आणि तोच बहुतेकांकडे नसतो.

या पदांबद्दल एक कडू गोष्टही सांगायला हवी. हा विषय न्यायालयात गेला आणि २०२३ च्या भरतीत निवडलेल्या पेसा उमेदवारांना बराच काळ नियुक्तीविना थांबावं लागलं. २०२४ च्या शेवटाकडे मानधनावर नियुक्त्या देण्याची वाट काढली गेली. म्हणून अर्ज जरूर करा, पण आयुष्य त्या एका यादीवर टांगून ठेवू नका.

वनरक्षक आणि पोलीस. वनरक्षकाला इतरांना बारावी लागते, अनुसूचित जमातीला दहावी पुरते. उंचीतही सवलत आहे. पुरुषांना ५ किलोमीटर, महिलांना ३ किलोमीटर धावावं लागतं, आणि पुढे ४ तासांत २५ व १६ किलोमीटर चालायची चाचणी. डोंगरात वाढलेल्या पोरांना हे अवघड नाही. ती मागे पडतात लेखी परीक्षेत. पोलीस भरतीत मैदानाचे ५० गुण, लेखीचे १००. एका पदासाठी एकाच पोलीस घटकात (जिल्हा किंवा आयुक्तालय) अर्ज चालतो. दोन जिल्ह्यांत भरलात तर बाद.

केंद्राच्या जागा. आरक्षण साडेसात टक्के, वयात ५ वर्षं सूट. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांना अनुसूचित जमातीला शुल्क नाही. निमलष्करी दलांच्या शिपाई भरतीत पुरुषांची उंची सर्वसाधारण १७० सेंटिमीटर, अनुसूचित जमातीला १६२.५, महिलांची १५७ ऐवजी १५०. ही सूट माहीत नसल्यामुळे ‘आपली उंची बसत नाही’ म्हणत कित्येक जण फॉर्मच भरत नाहीत. रेल्वेच्या परीक्षेला जाण्यासाठी शयनयान वर्गाचा मोफत पास मिळतो, पण अर्जात तो रकाना निवडावा लागतो.

ग्रामीण डाकसेवक. परीक्षा नाही, निवड दहावीच्या गुणांवर. दहावीला मराठी विषय हवा. डाकसेवक हा टपाल खात्याचा नियमित कर्मचारी नसतो, पण गावाजवळ राहून, खात्यांतर्गत परीक्षा देत पुढे सरकता येतं. दहावीला चांगले गुण असलेल्या मुलींसाठी मला हे दार फार उपयोगाचं वाटतं.

एकलव्य निवासी शाळा. केंद्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात ७४० एकलव्य शाळांसाठी तीन वर्षांत ३८,८०० शिक्षक आणि सहायक कर्मचारी नेमण्याचं जाहीर केलं. त्यात कनिष्ठ लिपिक, वसतिगृह अधीक्षक, प्रयोगशाळा परिचर अशीही पदं असतात. बदलीची आणि नेमणुकीची जागा देशात कुठेही असू शकते. घर सोडायची तयारी नसेल तर आधी विचार करा, रुजू होताना नको.

तपासा: निवडलेल्या दोन्ही दारांसाठी एका कागदावर लिहा: शिक्षण, वयाची शेवटची तारीख, उंची, कोणता दाखला, कोणत्या नमुन्यात. यातला एकही रकाना रिकामा राहिला तर तुम्ही अजून पाचव्या टप्प्यावर जायचं नाही.

## टप्पा ५: जाहिरात शेवटून वाचा

पगार पहिल्या पानावर असतो, अडचणी शेवटच्या पानांवर. परिशिष्टात दाखल्यांचे नमुने, समांतर आरक्षण आणि बाद होण्याची कारणं असतात. तिथून सुरुवात करा.

तीन तारखा वेगळ्या असतात आणि लोक त्या एक समजतात: वय मोजण्याची तारीख, शिक्षण पूर्ण असण्याची तारीख, अर्जाची शेवटची तारीख. दाखला शेवटच्या तारखेनंतर काढलेला असेल तर वाद होतो. महिला, खेळाडू, प्रकल्पग्रस्त, माजी सैनिक ही समांतर आरक्षणं तुमच्या प्रवर्गातही लागू असतात. धरणात किंवा प्रकल्पात जमीन गेलेल्या घरांनी प्रकल्पग्रस्त प्रमाणपत्र कोणाच्या नावे आहे ते पाहावं. अनेक घरांत ते पेटीतच पडून असतं.

जाहिरात कुठून आली हेही बघा. व्हॉट्सॲपवरच्या पीडीएफवर विश्वास ठेवू नका. खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर तीच जाहिरात क्रमांकासह दिसली पाहिजे.

## टप्पा ६: अर्ज स्वतः भरा

सायबर कॅफेवाला रांगेतले चाळीस अर्ज भरत असतो. त्याच्या हातून जात प्रवर्गाच्या जागी ‘अज’ (अनुसूचित जमाती) ऐवजी ‘अजा’ (अनुसूचित जाती) निवडलं गेलं, तर भोगायचं तुम्ही. त्याच्या शेजारी बसा आणि ‘सबमिट’ दाबायच्या आधी पूर्ण पान वाचा.

मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्या. कॅफेवाल्याच्या ईमेलवर काढलेल्या अर्जाचा पासवर्ड दोन वर्षांनी कोणाकडेच नसतो, आणि भरती दोन वर्षं चालू शकते. सिमकार्ड बंद पडू देऊ नका. स्थलांतराच्या हंगामात रिचार्ज संपला की नंबर जातो आणि ओटीपीही. पाड्यावर नेटवर्क नसेल तर घरात किंवा गावात कोणीतरी दर आठवड्याला संकेतस्थळ बघेल अशी सोय लावा. ‘मेसेज आलाच नाही’ ही सबब तपासणीच्या टेबलावर चालत नाही.

नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे. आधार वेगळं असेल तर आधार बदला, दहावीचं नाही.

सावधान: ‘सेटिंग’वाला भेटेल. तो आधी पैसे घेत नाही, मूळ कागदपत्रं ठेवून घेतो. मूळ दाखला कोणाच्याही हातात देऊ नका. अभिलेख कक्षातली नक्कल पुन्हा मिळवायला महिने जातात.

## टप्पा ७: अभ्यास

यावर भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून थोडक्यात. जुन्या प्रश्नपत्रिका आधी, पुस्तकं नंतर. सरळसेवेत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापन-गणित हे चार भाग असतात. आश्रमशाळेतून आलेले बहुतेक उमेदवार इंग्रजी आणि गणितात गुण घालवतात, पण रोज अभ्यास करतात सामान्य ज्ञानाचा, कारण ते वाचायला सोपं जातं. वेळापत्रक उलटं करा. परीक्षा संगणकावर असते, म्हणून माऊस हातात धरून वेळ लावून सराव करा.

फुकट किंवा विद्यावेतनासह मिळणाऱ्या सोयी आधी वापरा. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्पर्धा परीक्षांच्या प्रशिक्षण योजना राबवते. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे न्युक्लिअस बजेटमधून, म्हणजे स्थानिक गरजांसाठीच्या निधीतून, प्रशिक्षणं निघतात. आदिवासी उमेदवारांसाठीची रोजगार मार्गदर्शन केंद्रं विद्यावेतनासह वर्ग घेतात. प्रकल्प कार्यालयात जाऊन नुसतं ‘काही आहे का’ विचारू नका. योजनेचं नाव घ्या, लेखी अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या.

## टप्पा ८: दुसरी वाट सुरुवातीपासून चालू ठेवा

हा टप्पा शेवटी लिहिला असला तरी तो पहिल्या दिवसापासून बाकीच्यांच्या सोबत चालतो. पाच वर्षं फक्त भरतीची वाट बघितलेला पदवीधर तिशीत खाजगी कंपनीत गेला की त्याच्याकडे दाखवायला अनुभव नसतो.

कायम पदं कमी होत चालली आहेत आणि कंत्राटी, बाह्यस्रोताची कामं वाढत आहेत. हे कोणाला आवडो न आवडो, तयारी त्याप्रमाणे करायला हवी. हाताला कौशल्य असलेल्यांना काम मिळतं: वीजतंत्री, जोडारी, वेल्डर, डिझेल मेकॅनिक, नर्सिंग, प्रयोगशाळा तंत्रज्ञ. आयटीआय झाल्यावर घरी बसू नका. शिकाऊ उमेदवारीसाठी राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणी करा, कारण कारखाने आयटीआयच्या कागदापेक्षा त्या वर्षभराच्या अनुभवाला जास्त मोजतात.

जिल्हानुसार बघा. गडचिरोलीत सुरजागडची लोहखाण आणि कोनसरीचा पोलाद प्रकल्प, त्यामुळे अवजड वाहनचालक, यंत्रचालक आणि देखभालीच्या माणसांना मागणी. अवजड वाहनाचा परवाना एका दिवसात मिळत नाही. हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर जुना असावा लागतो आणि वय २० पूर्ण हवं. तेव्हा हलक्या वाहनाचा परवाना अठराव्या वर्षीच काढा. पालघरमध्ये वाढवण बंदराला केंद्राने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, अंदाजे खर्च ७६,२२० कोटी रुपये. स्थानिकांचा त्याला विरोधही आहे. त्या वादात तुमचं मत काहीही असो, ‘बंदरात नोकरी लावतो’ म्हणून आज पैसे मागणारा माणूस खोटा आहे एवढं नक्की. तिथल्या तरुणांना सध्या तारापूर-बोईसरच्या कारखान्यांत आणि गोदामांत अनुभव घेणं जास्त शहाणपणाचं.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये महिना विद्यावेतन ठरलं. हे प्रशिक्षण मुदतीचं आहे, नोकरी नाही. पण संपताना मिळणारं प्रमाणपत्र जपा.

तपासा: खाजगी कामावर जाताना चार गोष्टी विचारा. पगार कंपनी देणार की ठेकेदार? ठेकेदाराचं पूर्ण नाव काय? पगारपत्रक मिळेल का? भविष्य निर्वाह निधी कापणार का? २० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी निधी लागू असतो. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना, योजना लागू असलेल्या आस्थापनेत, राज्य कामगार विम्याचा दवाखाना मिळतो. निधीचा यूएएन क्रमांक एकच असतो. दुसरीकडे गेलात तर तोच सांगा, नवीन काढू नका.

## टप्पा ९: निवड झाल्यापासून रुजू होईपर्यंत

तपासणीला मूळ कागद, दोन झेरॉक्स संच आणि खुलाशाचे कागद वेगवेगळ्या फोल्डरमध्ये न्या. अधिकारी विचारेल तेवढंच द्या. तपासणी पत्रकावर त्रुटी लिहिली असेल तर ती कोणती, पूर्ततेची तारीख कोणती, हे तिथेच उतरवून घ्या आणि सही कराल त्या पानाचा फोटो काढा.

प्रतीक्षा यादीत असाल तर ती किती काळ चालते हे जाहिरातीत बघा. वरचा उमेदवार रुजू झाला नाही की खालच्याला बोलावतात, पण पत्र जुन्या पत्त्यावर गेलं तर संधी हातची जाते.

नियुक्ती आदेशात बहुधा ‘जमात वैधता प्रमाणपत्र सादर करण्याच्या अटीवर’ असं असतं. रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात आस्थापना शाखेत जाऊन वैधतेचा प्रस्ताव कोण पाठवणार ते विचारा. तिसऱ्या टप्प्यात तयार केलेली फाईल तिथे द्या. प्रस्ताव समितीकडे गेल्याचं जावक क्रमांकाचं पत्र स्वतःकडे ठेवा, कारण मुदत संपल्यावर ‘कार्यालयाने पाठवलं नाही’ हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. प्रस्ताव पोचल्यावर समितीकडून मिळालेला प्रकरण क्रमांक सेवापुस्तकाच्या झेरॉक्ससोबत घरच्या पिशवीत टाका.